एल. डी.च्या गावाहून

लिंझ, ऑस्ट्रिया
१८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. निम्म्या वड्या कारखान्यात वाटल्या आणि उरलेल्या रोज रात्री एक या हिशेबाने पुरवतो आहे. आईने व्हिडिओवर मनगटाची पट्टी पाहिली आणि मी भट्टीवर भाजलो असे धरून चालली; तसे काहीही नाही. घराजवळच्या ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून पाय घसरला, हाड शाबूत आहे आणि पट्टी परवाच निघाली. भट्टीजवळ जाताना चंदेरी कोट, मुखपट आणि पायांत जाड बूट असल्याशिवाय इथे कोणालाही पुढे सोडत नाहीत, आणि माझा बहुतेक वेळ काचेमागच्या नियंत्रण कक्षात जातो. तेव्हा आईने या कारणाने रात्री जागू नये.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलेत, "चालती ब्लास्ट फर्नेस बंद करायला तू एवढ्या लांब गेलास का?" फोनवर मला उत्तर सुचले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न मला लागला, कारण तो भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न आहे. तुम्ही १९८१ साली रुजू झालात तेव्हा तिथे सहा भट्ट्या होत्या, सातवी १९८७ साली पेटली, पंचवीस लाख टनांचे चाळीस लाख टन झाले, आणि तुम्ही निवृत्त झालात त्या २०१८ सालच्या फेब्रुवारीत आठवी, महामाया, सुरू झाली. आपल्या घरात कारखान्याची वाढ भट्ट्यांवर मोजली जाई. दिवाळीत पाहुणे आले तरी तुम्ही आधी त्यांना कारखान्याचे टन सांगत होतात, मग आई फराळ देत असे.

पण ज्या कन्व्हर्टरवर, लोखंडाचे पोलाद करणाऱ्या त्या भांड्यावर, तुमची बहुतेक नोकरी गेली, त्याचे माहेर हेच गाव आहे. एल. डी. कन्व्हर्टरमधला 'एल' म्हणजे लिंझ आणि 'डी' म्हणजे डोनावित्झ. भिलाईला सुरुवातीला ओपन हार्थ भट्ट्या होत्या आणि एका हीटला, म्हणजे पोलादाच्या एका खेपेला, आठ-दहा तास लागत, हे तुम्हीच सांगितलेले. इथल्या लोकांनी १९४९ साली द्रव लोखंडावर वरून शुद्ध प्राणवायूचा झोत सोडून पाहिला. साधी हवा फुंकली की तिच्यातला नायट्रोजन पोलादात उतरतो आणि पोलाद ठिसूळ होते; शुद्ध प्राणवायूने ते टळले आणि वेळ मिनिटांवर आला. २७ नोव्हेंबर १९५२ रोजी तीस टनांच्या कन्व्हर्टरवर इथे नियमित उत्पादन सुरू झाले. भारतात ही पद्धत सर्वप्रथम राउरकेल्याला आली आणि पुढे तुमच्या भिलाईला. त्या काळी ओपन हार्थवर हयात घालवलेल्या माणसांनाही, आपली भट्टी मोडायला निघालेत, असेच वाटले असणार.

आता नेमके काय चालले आहे ते सांगतो. लिंझला तीन झोतभट्ट्या, म्हणजे ब्लास्ट फर्नेस, आहेत. त्यांपैकी एका लहान भट्टीच्या जागी विजेवर भंगार वितळवणारी इलेक्ट्रिक आर्क फर्नेस येणार असून ती २०२७ साली सुरू करण्याची योजना आहे. डोनावित्झलाही दोनपैकी एक भट्टी अशीच बदलली जाणार आहे. दोन्ही ठिकाणचा खर्च मिळून सुमारे दीड अब्ज युरो आहे. झोतभट्टीत कोक जाळण्याच्या वाटेने एक टन पोलाद काढले तर साधारण दोन टन कार्बन डायॉक्साइड हवेत जातो आणि युरोपात त्याचे पैसे मोजावे लागतात, हे मूळ कारण. नुसते भंगार वितळवून मात्र भागत नाही. भंगाराबरोबर आलेले तांबे पोलादातून काढता येत नाही, आणि इथला पत्रा मोटारींच्या सांगाड्याला जातो, त्याला तांबे चालत नाही. म्हणून भंगारात द्रव लोखंड आणि स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिजातून न वितळवता काढलेल्या लोखंडाच्या, दाबलेल्या विटा मिसळाव्या लागतात. ते प्रमाण बसवण्याच्या गटात मी आहे.

सर्वांत अवघड भाग निराळाच निघाला, आणि तो तुम्हाला लगेच कळेल. भिलाईला कोक ओव्हन आणि ब्लास्ट फर्नेसचा गॅस वाया जात नाही, त्यावर वीजघर आणि रोलिंगच्या भट्ट्या चालतात, असे तुम्ही मला सातवीत वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावले होते. एक झोतभट्टी गेली की तेवढा गॅस गेला, म्हणजे घरची वीज कमी झाली; आणि नेमकी त्याच वेळी नवी भट्टी वीज मागायला उभी. त्यामुळे भट्टीच्या आधी २२० किलोव्होल्टच्या वाहिनीची आणि उपकेंद्राची कामे काढावी लागली. एकात्मिक कारखान्यातली एक वीट हलवली की दहा ठिकाणी भगदाड पडते, हे मी इथे येऊन शिकलो, तुमच्या त्या चित्रासह.

तुम्ही दिलेली, ज्वाला पाहण्याची निळी काच खिशात असते. जळक्या कोपऱ्याची तिची लाकडी चौकट पाहून इथल्या एका निवृत्तीला आलेल्या कारागिराने ती माझ्या हातातून घेतली आणि कन्व्हर्टरच्या तोंडाशी दिसणाऱ्या ज्वालेकडे धरली. काही बोलला नाही. ज्वाला मवाळ होऊन बसू लागली तसे त्याने एक बोट वर केले, आणि काही सेकंदांनी पडद्यावरही ब्लो, म्हणजे प्राणवायूचा झोत, संपत आल्याचा आकडा उमटला. मग त्याने काच रुमालाने पुसून मला परत दिली. मला त्या क्षणी तुम्ही फार आठवलात.

आईला इथली एक गोष्ट सांगायचीच आहे. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत कारखान्यात कोणीही कोणालाही भेटले की "माल्त्साइट" म्हणतो. शब्दाचा अर्थ 'जेवणाची वेळ' एवढाच. जेवायला निघालेला म्हणतो, जेवून परतणारा म्हणतो, ज्याचे जेवणाशी काही देणेघेणे नाही तोही म्हणतो. जिन्यात म्हणतात, लिफ्टमध्ये म्हणतात, हात धुताना शेजारच्या नळावरचा अनोळखी माणूसही म्हणतो. पहिल्या आठवड्यात मला वाटले, लोक मला जेवायला बोलावत आहेत, आणि मी प्रत्येकाला "माझे झाले" असे सांगत होतो. उत्तरही "माल्त्साइट" असेच द्यायचे असते. अकराच्या आधी म्हणायचे नाही, दोननंतरही नाही, संध्याकाळी तर नाहीच. आपल्याकडे दुपारी दारात आलेल्याला "जेवलात का?" विचारतो, त्याच्या जवळचे हे काहीतरी असावे, पण इथे कोणी ताट वाढत नाही.

आता घरचे. धाकटीच्या लग्नाच्या कार्यालयाचे आणि बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे मिळून तीन लाख रुपये शुक्रवारी पाठवले आहेत. बाबांनी शस्त्रक्रिया लग्नानंतर ढकलू नये. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे लग्न वैशाखातच उरकायचे, हे योग्यच. धाकटीच्या साखरपुड्याला मात्र मला येता येणार नाही. फेब्रुवारीत आमच्या गटात कोणालाच रजा नाही. लग्नाला बारा दिवस येईन आणि रुखवत मांडण्यापासून सगळे करीन. लोकमान्यनगरच्या मंडळींनी आधी धाकटीचे कसे, असे विचारले तर माझीच इच्छा आहे म्हणून सांगावे. ग्वाल्हेरच्या स्थळाला तूर्त शब्द देऊ नये. मुलीबद्दल काही नाही, पण तिला कोणत्या गावी यायचे हे आज मी सांगू शकत नाही.

कारण माझा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला आहे. सही डिसेंबरातच केली. आधी विचारायला हवे होते, आणि एवढे पान भरून झाल्यावर हे लिहितो आहे, हेही मला कळते. नव्या भट्टीतून पहिली हीट निघेल तेव्हा तिथे असावे, एवढीच इच्छा होती. बाबांची निळी काच तोपर्यंत माझ्याकडे राहू द्यावी.

रविवारी तुमच्या दुपारी अडीचला फोन करतो. आई, तू उचल. बाबांनी हे पत्र आधी वाचून घ्यावे.

आपला
मुलगा