धार लावावी, पण पात्याचे पाणी राखून

संपादक महोदय,

भातकापणी तोंडावर आली की आमच्या कोकणात विळे-कोयत्यांना धार लावण्याची घाई होते आणि हल्ली बहुतेक जण विजेच्या ग्राइंडरकडे धावतात. काम झटपट होते. पण पाते तापून कड निळसर पडली की लोहाराने दिलेले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते, पोलाद मऊ होते आणि धार टिकत नाही. माझ्या वडिलांचा कोयता गेल्या वर्षी असाच वाया गेला, याचे मला फार वाईट वाटते.

त्यापेक्षा हातात मावणारा कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवून, पाते ओंडक्यावर घट्ट टेकवून, जुन्या धारेचाच उतार धरून फिरवावा. विळ्याच्या वाकाबरोबर दगडही वळवावा लागतो, हे कसब सरावाने हाती बसते. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर जाणवली की तिकडून दोन हलके हात मारावेत, तेवढे पुरते. छाटणीच्या कात्रीला मात्र उताराच्याच बाजूने दगड लावावा. सपाट बाजूलाही उतार पडला, तर पाती एकमेकांना नीट भिडत नाहीत.

कृषी विभागाने कापणीपूर्वीच्या शेतीशाळेत याचे अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक ठेवावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक भातशेतकरी, चिपळूण