काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. ऋणनिर्देशात नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. नाव इथेही घेत नाही, रागावू नका.

कोथरूडात बसून गंगोत्री हिमनदीचा अभ्यास करणार म्हटल्यावर बाकी सगळे हसले. तुम्ही एवढंच विचारलंत, "प्रतिमा कुठल्या महिन्यातल्या घेणार?" अख्खा प्रबंध त्या प्रश्नावर उभा आहे. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा आहेत, २००८ पासून त्या फुकटही मिळतात. पण एका वर्षीची जूनमधली आणि दुसऱ्या वर्षीची ऑक्टोबरमधली शेजारी ठेवली, तर हिवाळ्यातला उरलेला बर्फच हिमनदी म्हणून मोजला जातो. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, नवा बर्फ पडायच्या आत.

खरी कसोटी पुढे होती. स्वच्छ बर्फ संगणक चटकन ओळखतो: हिरवा प्रकाश तो भरपूर परावर्तित करतो, लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश जवळजवळ गिळून टाकतो. पण गंगोत्रीच्या जवळपास ३० किलोमीटर लांबीतला खालचा भाग दगडगोट्यांच्या राडारोड्याखाली आहे. संगणकाला तो नुसता डोंगर! तिथे तुम्ही जेवणाच्या टेबलावर प्रिंट पसरलेत (काकूंनी ताटं बाहेरच्या खोलीत वाढली, त्यांचेही आभार) आणि तुमच्या जुन्या स्टिरिओस्कोपखाली (दोन छायाचित्रांतून उंचसखलपणा दाखवणारं भिंगाचं उपकरण) 'हेक्सागॉन' या अमेरिकन हेरगिरी उपग्रहाची सत्तरच्या दशकातली छायाचित्रं जोडीने ठेवलीत. सपाट करडा कागद एकदम उभा राहिला. बर्फाचे कडे, वितळपाण्याची डबकी, गोमुखाशी प्रवाह बाहेर पडतो ती जागा, सगळं तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने दाखवलंत.

"तोंड किती मागे गेलं एवढंच मोजू नकोस, पोट किती खाली बसलं ते बघ," हे तुमचंच. राडारोड्याखाली हिमनदी जागच्या जागी पातळ होत राहते, नुसत्या सीमारेषेत ते दिसत नाही. म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा केले. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून (स्पेस शटल) रडारने केलेल्या उंचीच्या नकाशावरही डोळे झाकून विसंबू दिलं नाहीत, कारण रडारची लहर कोरड्या बर्फात आत शिरते आणि पृष्ठभाग आहे त्याहून खाली दाखवते. हे समजावताना तुम्ही तीनदा चिडलात. ठीक आहे, कळलं शेवटी.

मौखिक परीक्षेची तारीख अजून यायची आहे. आली की कळवते; त्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. परीक्षकांपेक्षा तुमचे प्रश्न आधी ऐकलेले बरे.

आपली,
शेजारच्या बिल्डिंगमधली विद्यार्थिनी