फोटोतली बोट आणि फळीखालचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला शिडाच्या बोटींवरचा लेख वाचला. या विषयावर मराठीत क्वचितच कोणी लिहितं, म्हणून आधी आभार. पण सोबतचा फोटो पाहून राहवलं नाही. बोट इतकी कललेली की एका बाजूचा कठडा पाण्यात, वरच्या बाजूला पाय सोडून बसलेली चौघं खुशीत, आणि खाली ओळ 'वाऱ्यावर स्वार'. आमची २८ फुटी बोट मी आणि माझे यजमान अकरा वर्षं दोघंच चालवतो. मला त्या फोटोत शौर्य नाही दिसलं. शीड जास्त झालंय, एवढंच दिसलं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. १५ नॉटचा (नॉट म्हणजे वेगाचं समुद्री माप) वारा २१ नॉट झाला, तर कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या उघड्या खोलगट जागेत, बसलेल्याला विशेष काही जाणवत नाही, पण दाब जवळजवळ दुप्पट झालेला असतो. बोट फार कलली की ती नाक वाऱ्याकडे वळवू पाहते. मग टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दोन्ही हातांनी ओढून धरायचा, आणि तसं आडवं धरलेलं सुकाणू पाण्यात ब्रेकसारखं काम करतं. म्हणजे फोटोतली मंडळी ब्रेक दाबून गाडी पळवत आहेत! मोठं शीड एक रीफ घेऊन, म्हणजे त्याचा एक पट्टा दुमडून बांधून, लहान केलं की बोट सरळ उभी राहते, टिलर दोन बोटांवर येतो, आणि बहुतेक वेळा वेग तेवढाच राहतो. रीफ घ्यावा का, असं मनात आलं की तेव्हाच घ्यायचा. वारा पाठीशी असताना तर जास्तच सांभाळावं. १८ नॉटच्या वाऱ्यात ६ नॉटने पुढे जात असाल, तर अंगाला लागतो फक्त १२ चा. सगळं कसं सुरळीत वाटतं. परतायला बोट वळवली की तोच वारा बावीस-तेवीसचा होऊन तोंडावर येतो.

आता दुसरा मुद्दा. लेखात म्हटलंय की बोटीची खरी कसोटी वादळात लागते. आमच्या बोटीत आजवर एकदाच पाणी शिरलं, आणि त्या पहाटे वाऱ्याची झुळूकही नव्हती. नांगर टाकून झोपलो होतो. उठून पाय खाली टाकला तो घोट्यापर्यंत पाण्यात. माझी एक चप्पल तरंगत तरंगत टेबलाच्या पायाशी गेलेली. अशा वेळी आधी चव पाहायची. गोडं असेल तर आपलीच टाकी गळतेय, खारं असेल तर समुद्र आत आलाय. बोट बुडवून (हाताचं!) जिभेला लावलं. खारं.

कॉकपिटमधलं पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी इंजिनाच्या मागे एका सी-कॉकवर (बोटीच्या तळातल्या भोकावरची तोटी) बसवलेली आहे. ती अर्धी निसटली होती. ते भोक पाण्याच्या पातळीखाली. सी-कॉक बंद करायला गेलो तर दांडा हलेना, कारण वर्षभरात आम्ही तो एकदाही फिरवला नव्हता. आपोआप सुरू होणारा पंपही गप्प होता, पाण्याबरोबर वर येऊन तो सुरू करणाऱ्या फ्लोटवर कधीचं तरी एक फडकं अडकलेलं. यजमानांनी नळी हाताने परत दाबून धरली आणि मी नळी आवळायचा नवा क्लॅम्प शोधत सुटले. सापडला चमच्यांच्या कप्प्यात. नळी पूर्ण निसटली असती तर? ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याच्या दोन फूट खाली असेल, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. हातपंप मारणारा माणूस त्यापुढे किती वेळ टिकणार?

जुना क्लॅम्प हातात घेऊन पाहिला. पट्टी चकचकीत, स्क्रूचा मात्र गंजून भुगा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या पोलादाचा, असे क्लॅम्प सर्रास मिळतात. मागच्या हंगामात दुरुस्तीवाल्याने तो बसवला होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पैसे चुकते करताना मीही वाकून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक लहान चुंबक असतं. स्क्रूला घट्ट चिकटलं की क्लॅम्प परत. पाण्याखालच्या प्रत्येक जोडावर, नळी चढते ते टोक पुरेसं लांब असेल तर, दोन क्लॅम्प. दर महिन्याला सगळे सी-कॉक उघडून मिटायचे. प्रत्येकाच्या शेजारी भोक बुजवायला त्याच्या मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधलेली, म्हणजे अंधारातही हाताला लागते. आणि बोट पाण्याबाहेर काढली की धातू खरवडून पाहायचा. पितळ आतून गुलाबीसर दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलेलं असतं. असा सी-कॉक बाहेरून धडधाकट दिसतो आणि एखाद्या दिवशी दांड्यासकट हातात येतो.

डोलकाठीच्या तारांचंही तसंच. त्यांच्यावरून कापूस फिरवावा, तुटलेला धागा असेल तिथे तंतू अडकतात. हाताने कधीही तपासू नये, बोट फाटतं (हेही हाताचंच).

तुमचा लेख वाचून कोणी जुनी बोट विकत घ्यायला निघालं असेल, तर त्यांना एकच सांगेन. शीड उलगडून दाखवायला विकणारा तयारच असतो. तुम्ही केबिनच्या जमिनीची फळी उचलायला सांगा, टॉर्च आत धरा आणि तो तेव्हा काय बोलतो ते ऐका.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात 'शीट' हा शब्द तीनदा शिडासाठी आला आहे. शीट म्हणजे शीड नव्हे. शीड ताणायला किंवा सैल सोडायला जो दोर असतो, त्याला शीट म्हणतात. 'शीट सोड' असं ऐकून नवख्याने अख्खं शीडच खाली सोडलं, तर दोष त्याचा नसेल.

आपली,
एका २८ फुटी बोटीची अर्धी मालकीण