ती सांगत होती, मी ऐकत नव्हतो

नाशिक,
१८ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. ‘अजून शिट्टी आणि स्टॉपवॉचवरच चाललंय का तुझं?’ असं विचारलंयस. दोन्ही आहेत, पण आता ट्रॅकच्या कडेला मोबाइलचा स्टँडही असतो. तो कसा आला, ते तुलाच सांगायचं होतं.

हरसूलकडची एक मुलगी माझ्याकडे ५,००० मीटर धावते. सतरा वर्षांची आहे. दीड वर्ष तिची डावी नडगी ठणकायची. मी आधी बुटांना दोष दिला, मग तिलाच. ‘स्ट्रेचिंगची टाळाटाळ करतेस’ असं चारचौघांत बोललोसुद्धा. दिवाळीनंतर एका पोराने सेकंदाला २४० चित्रं टिपणारा फोन आणला आणि सहज तिचा राउंड घेतला. अरे, धावताना पाऊल जमिनीवर पाव सेकंदही टिकत नाही, तिथे माझे डोळे काय पकडणार? पडद्यावर तेच पाऊल सावकाश उलगडलं. उजवं नीट शरीराखाली पडत होतं. डावं मात्र गुडघ्याच्या बरंच पुढे, ताठ, टाचेवर. दर दुसऱ्या पावलाला ती स्वतःलाच ब्रेक लावत होती आणि तो हिसका नडगी सोसत होती.

तिने ते तीनदा मागेपुढे करून पाहिलं नि हळूच म्हणाली, “सर, मी हेच म्हणत होते. डावीकडे आपटल्यासारखं होतं.”

खरंच म्हणत होती. बोललो सगळ्यांसमोर होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली.

मग ढांग आखूड केली, ठेका वाढवला. मिनिटाला १६४ पावलं पडायची, ती मोबाइलच्या टिकटिकीवर हळूहळू १७२ वर आणली. नडगी आता शांत आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोरं आता स्वतःचं धावणं बघतात आणि माझ्याशी वाद घालतात. मला ते फार आवडतं.

घड्याळांवर मात्र माझा तेवढा जीव नाही. सध्या पहाटे हातपाय गारठतात, मनगटाचं रक्त आटतं आणि घड्याळ नाडी चुकीची दाखवतं. पट्टा सैल असला तर नाडीऐवजी पावलांचा ठेकाच मोजून बसतं! शिवाय नाडी जास्तीत जास्त किती जाईल, याचं २२० वजा वय हे गणित सरासरीचं. सतराव्या वर्षी ते २०३ सांगतं, पण एखाद्याचा आकडा दहा-बाराने सहज इकडेतिकडे असतो. पोरं त्या आकड्याला घाबरून वेग कमी करतात.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा आपण टीव्हीसमोर उभे राहून तिचे पंचवीस राउंड मोजले होते, आठवतं? इतके राउंड अंगात वेग मुरल्याशिवाय निभत नाहीत. म्हणून दर गुरुवारी मी सगळी घड्याळं माझ्या पिशवीत ठेवतो. राउंड संपला की आधी पोरांनी वेळ सांगायची, मग मी. ही मुलगी आता सेकंदा-दोन सेकंदांच्या फरकाने बरोबर सांगते.

एक काम कर. तुझा जुना फोन पडून असेल तर पाठवून दे. काच फुटलेली चालेल, कॅमेरा तेवढा शाबूत हवा. त्या पोराने फोन घरी नेला की आमचा स्टँड रिकामाच राहतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती