परसातला फणस

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बाबांना फोनवर हल्ली नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

मे लागला की बेळगावात पाण्याची ओढाताण सुरू. परवा शनिवारी शेजारच्या काकूंनी नळाला मोटार लावली आणि आमची धार तुटली. सकाळीच मी धाकटीकडून पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातलं आत्म्याच्या फळाचं वचन पाठ करून घेतलं होतं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. संध्याकाळी तीच पोर दाराआड उभी राहून माझं तोंड ऐकत होती. पाण्यावरून बोलले ते बोलले, मी त्यांच्या कानडीवरूनही बोलले. आई, ते मला फार लागून राहिलंय.

रविवारी प्रभूभोजन होतं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढं जायची वेळ आली आणि मत्तयाचा ५वा अध्याय आठवला: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान वेदीपाशीच ठेव, आधी समेट कर. इतकी वर्षं वाचलं, पण 'भावाच्या मनात' म्हटलंय हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी बाकावरच बसून राहिले.

उपासना सुटल्यावर तशीच त्यांच्या दारात गेले. माझं कानडी तुम्हाला ठाऊकच आहे; 'तप्पायितु', चुकलं, एवढंच आलं. त्यांचे हात जोंधळ्याच्या पिठानं भरलेले. "इर्लि बिडरी," असू दे, सोडा, म्हणाल्या आणि कोपरानं दार ढकलून मला आत घेतलं. आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रोज चादरी धुवाव्या लागतात, म्हणून मोटार. दोन वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय, मी कधी विचारलंच नव्हतं. आता पाणी आलं की पहिला अर्धा तास त्यांचा, मग आमचा. मोटार बंद.

बाबा, फणस फोडताना तुम्ही म्हणायचा, पौलानं नऊ फळं लिहिली नाहीत, फळ एकच, गरे नऊ. तेल चोपडून चिकात हात तुमचे, गरे आमचे. आणि पहिलं ताट बांधावरून भांडलेल्या भाऊबंदाच्या घरी जायचं, त्याचा मला तेव्हा राग यायचा.

पुढच्या आठवड्यात खानापूरला येतेय. एक फणस काढून ठेवा, अर्धा काकूंकडे न्यायचाय. कापा नको, बरका बघा. त्यांच्या सासूबाईंना दात नाहीत.

तुमची लेक