मशीन दम टाकतंय म्हणून माळ्याचा पगार कापू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना एकदम आठवतं की लॉन गुडघ्यापर्यंत आलंय, मंडपवाला येणार आहे, आणि मग पंप रूममध्ये पाऊस सुरू झाल्यापासून पडलेलं गवत कापायचं मशीन बाहेर निघतं. दोरी ओढली की चालूही होतं बऱ्याचदा, पण दोन पट्टे कापले की आवाज बसतो, गवतात घातलं की गुदमरतं आणि बंद. माझं वागळे इस्टेटला छोट्या इंजिनांच्या रिपेरिंगचं काम आहे, लॉन मोवर, खांद्यावरचे ग्रास कटर, फवारणीचे पंप असं सगळं येतं, आणि या दिवसात तर लाइन लागते. मशीन दुरुस्त होतं, त्याचं काही नाही. मला वाईट वाटतं ते मशीन घेऊन येणाऱ्या माळ्याचं, कारण तो येतो तेव्हाच घाबरलेला असतो.

परवाचीच गोष्ट सांगतो. एका मोठ्या सोसायटीचा माळी रिक्षात मशीन टाकून घेऊन आला. कमिटीने त्याला सांगितलं होतं की तू नीट वापरलं नाहीस, आता जो खर्च येईल तो पगारातून कापणार. त्याआधी ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथे नेलं तर त्यांनी न उघडताच सांगितलं इंजिन गेलंय, नवीन घ्या. आता न उघडता इंजिन गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

मी चालू केलं तर रिकामं व्यवस्थित चालत होतं, फक्त रेस वर खाली, वर खाली होत होती. लोड दिला की खाली बसायचं. मग चोक अर्धा ओढला आणि परत लोड दिला, तर मस्त खेचायला लागलं. इथेच अर्धा निकाल लागतो. चोक ओढल्यावर हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणजे चोकवर ताकद येत असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) कचरा आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा ओढतंय, गॅस्केट फाटलंय वगैरे. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली तर तळाला पाण्याचा वेगळा थर, ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर धरलेली, आणि मेन जेट (ज्याच्या भोकातून पेट्रोल जातं तो) उजेडाकडे धरून बघितला तर आरपार काही दिसेना. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं हो, त्यात जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला की संपलं. क्लीनर मारला, वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलक्या हाताने घातली (सुई किंवा स्टीलची तार कधीच घालू नका, भोक मोठं होतं आणि मग मशीन कायमचं जास्त पेट्रोल पितं), टाकी धुतली, ताजं पेट्रोल घातलं आणि मशीन होतं तसं झालं. पिस्टन, रिंग, कॉम्प्रेशन सगळं शाबूत. या मशीनला भंगारात घाला सांगितलं होतं, आणि त्याचे पैसे एका माळ्याच्या पगारातून निघणार होते.

आता त्या माळ्याची चूक काय? पेट्रोल कमिटीचा माणूस आणतो, मशीन ठेवायची जागा कमिटी ठरवते, आणि ती जागा म्हणजे पंप रूम किंवा बेसमेंट, जिथे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं, पण एका मर्यादेच्या पुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं. इंजिन नेमकं खालूनच ओढतं. शिवाय लॉन मोवरच्या बऱ्याच इंजिनांच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं आहे, विशेषतः जुन्या मशिनांच्या. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, गाडीचं पेट्रोल रोज जळतं आणि नवीन भरलं जातं म्हणून तिथे साठून राहायचा प्रश्न येत नाही, पण जे मशीन महिना महिना बंद पडून असतं त्याच्या टाकीत पेट्रोल ठेवणं म्हणजे कार्बोरेटरची वाट लावणं आहे. उपाय एकदम सोपा आणि फुकट आहे. महिन्याभरात संपेल एवढंच पेट्रोल आणा, घट्ट झाकणाच्या पेट्रोलच्या कॅनमध्येच ठेवा, पाण्याच्या बाटलीत नको, आणि मशीन जास्त दिवस बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे वाटीतलंही संपतं. काढलेलं जुनं पेट्रोल गटारात ओतू नका, ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या.

पेट्रोलच्याही आधी बघायची गोष्ट म्हणजे एअर फिल्टर, कारण ते बघायला एक मिनिट लागतं आणि तेच कुणी बघत नाही. आमच्याकडे घोडबंदर पट्ट्यात बांधकामाची धूळ किती आहे ते मी वेगळं सांगायला नको, त्यात गवताचा भुसा, आणि वरून पावसाची ओल, फिल्टरचा नुसता काला झालेला असतो. अशा फिल्टरने गवत कापायला लावणं म्हणजे माणसाच्या नाकावर ओलं फडकं बांधून पळायला सांगणं आहे. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल आणि चोक ओढल्यावर आणखी बिघडत असेल तर आधी फिल्टरच काढून बघा, फिल्टरशिवाय जागेवर मिनिटभर रेस करा, धूळ उडत नसलेल्या ठिकाणी, आणि आवाज मोकळा झाला तर समजा चोर सापडला. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण सुकवायचा, इंजिन ऑइलचे चार थेंब टाकून पिळून लावायचा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलकं आपटून झटकायचा नाहीतर सरळ नवीन घ्यायचा, त्याची किंमत सोसायटीच्या एका मीटिंगच्या चहा सामोशापेक्षा कमी असते.

आणि फिल्टरवरून आठवलं, मशीनखालचं गवत काढायला बरेच जण मशीन वाटेल त्या बाजूला आडवं करतात. तसं केलं की क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतलं, ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये शिरतं, मग चालू केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट निघतो, लोक घाबरतात, रिंग गेल्या म्हणतात. मशीन कलंडताना कार्बोरेटर आणि फिल्टरची बाजू नेहमी वर पाहिजे. आणि त्याच्याही आधी प्लगची कॅप ओढून बाजूला काढायची, हे मी प्रत्येक माळ्याला दोनदा सांगतो, कारण पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं आणि एखादा स्पार्क पडला तर बोटं जातात.

खालचं गवत काढणं मात्र गरजेचं आहेच. पावसातलं ओलं गवत डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला शेणासारखं थापलं जातं, कापलेलं गवत बाहेर फेकलं जात नाही, आतच फिरत राहतं आणि सगळा लोड इंजिनावर. त्यात पात्याला धार नसली तर विचारूच नका. हे इंजिनाचं दुखणं नाहीच मुळी, पण बिल इंजिनाच्या नावावर फाटतं. गुडघाभर गवत एका दमात जमिनीलगत कापायला लावू नका, मशीनची उंची सगळ्यात वर ठेवून आधी शेंडे कापा, दोन तीन दिवसांनी खाली घ्या, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं तर हरळी असो की मेक्सिकन लॉन, पिवळं पडतं. मंडपवाला उद्या येणार म्हणून आज सगळं कापून हवं, हा कमिटीचा हट्ट असतो आणि दमछाक मशीनची आणि माळ्याची होते.

अजून एक प्रकार फार येतो. मशीन दहा पंधरा मिनिटं झक्कास चालतं मग हळूहळू बसतं आणि बंद, अर्ध्या तासाने परत चालू. लगेच स्पार्क देणारी कॉइल गेली म्हणून कॉइल बदलतात, कॉइल महाग. आधी बंद पडल्यावर थोडं थांबून, गरम इंजिनाला हात न लावता, टाकीचं झाकण सैल करा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर सूं करून हवा आत गेली आणि मशीन चालू झालं तर कॉइलचा काही संबंध नाही, झाकण धुवा. तसं नाही झालं तर मग स्पार्क बघायचा, तोही इंजिन गरम असतानाच, थंड झाल्यावर बघितलात तर कॉइल चांगलीच दिसणार. आणि वरच्या कव्हरखाली सिलिंडरच्या फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये) गवत ठासलेलं असलं तरी इंजिन तापून ताकद सोडतं, ते वर्षातून एकदा तरी साफ करा.

प्लग काढून त्याचा रंग बघायची सवय लावा. फिकट तपकिरी म्हणजे छान, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, ऑइलने ओला म्हणजे ऑइल वर येतंय, अगदी पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, बहुतेक फोर स्ट्रोक मोवरना 0.7 ते 0.8 मिलिमीटर.

पेव्हर ब्लॉकच्या कडेला किंवा स्प्रिंकलरच्या डोक्यावर पातं आपटल्यानंतर ताकद गेली असेल तर वरची सगळी तपासणी सोडा, फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचं जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा, बघायला सांगा. ही चावी मुद्दाम मऊ धातूची करतात, धक्का बसला की तीच कापली जावी आणि क्रँकशाफ्ट वाचावा म्हणून. ती जराशी जरी सरकली तरी स्पार्कचं टायमिंग चुकतं, मशीन चालू होतं पण दम नाही आणि दोरी हाताला उलटा झटका मारते. बाजारात हा सगळ्यात स्वस्त पार्ट असेल आणि याच्यासाठी लोकांनी अख्खं इंजिन बदललेलं मी बघितलंय. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, रिंग, हेड गॅस्केट हे यानंतरचं, ते जाणकार मेकॅनिकवर सोडा. आणि एक हात जोडून सांगतो, ताकद वाढवायला गव्हर्नरची (रेस मर्यादेत ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ओढून ताणून रेस वाढवू नका, त्याने ताकद वाढत नाही, पातं मर्यादेबाहेर फिरतं आणि त्याच्यापुढे माणूस उभा असतो.

खांद्यावरच्या टू स्ट्रोक कटरचं दुखणं थोडं वेगळं. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, 50 ला 1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40 मिली. माळ्याला मापाचा कप कुणी दिलेलाच नसतो, अंदाजाने टाक सांगतात. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त पडलं तर सायलेन्सरच्या तोंडाला जी बारीक जाळी असते ती काजळीने बंद. मग कटर कमी रेसवर मस्त चालतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की रडतो. जाळी काढून वायर ब्रशने घासली की झालं.

हे सगळं मी फुकट सांगतोय आणि याने माझंच काम कमी होईल असं आमच्या बाजूचा वेल्डर म्हणतो, होऊ दे. माझं सोसायट्यांच्या कमिट्यांना, ठाण्यातल्या आणि पलीकडे नेरूळ, खारघरच्याही, एवढंच सांगणं आहे की वर्षाच्या बजेटमध्ये लिफ्टच्या मेंटेनन्सची लाइन असते तशी या मशीनची एक लाइन टाका, फिल्टर, प्लग, ऑइल, पात्याची धार आणि मापाचा कप. माळ्याला महिन्यातून एकदा मशीन साफ करायला कामाच्या वेळेतला अर्धा तास द्या, ड्युटी संपल्यावरचा नाही. रिपेरिंगचं बिल आलं तर मेकॅनिककडून बदललेला जुना पार्ट हातात मागून घ्या आणि काय बिघडलं होतं ते लेखी घ्या. ते न बघता माळ्याच्या पगाराला हात लावू नका, त्याचं घर त्याच्यावर चालतं.

आणि मशीन विकणाऱ्या कंपन्यांना तुमच्या पेपरच्या मार्फत विनंती, बॉक्समध्ये जे पुस्तक येतं ते इंग्रजीत असतं आणि सेक्रेटरीच्या कपाटात जातं. मराठीत आणि हिंदीत, चित्रांसकट एक पान छापा आणि ते मशीनच्या हँडललाच बांधून द्या, म्हणजे जो माणूस मशीन चालवतो त्याच्या डोळ्यासमोर राहील.

आपला,
एक मेकॅनिक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे