हात मागे बांधून उभ्या राहणाऱ्या काकांना

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे जरा नाटकीपणाच आहे, कळतंय मला. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "प्रिंटरची शाई संपली का गं तुझी?" असं काहीतरी विचारून विषय उडवून लावता. तीनदा झालं. म्हणून आता लेखी, आणि तेही उघड. चार लोकांनी वाचलं की तुम्हाला कानावर हात ठेवता येणार नाहीत. शिवाय तुम्ही मला जे दाखवलंत त्यातलं थोडंफार त्यांच्याही हाती लागेल.

सुरुवात त्या लॅपटॉपपासून. तो इतका रेंगाळायला लागला होता की फाइलवर क्लिक करून मी पाणी पिऊन यायची. दुरुस्तीवाल्याने "जुना झाला, आता नवीन घ्या" म्हणून हात झटकले होते आणि मी नवे लॅपटॉप बघायलाही लागले होते. तुम्ही नेलेलं पुस्तक परत द्यायला आलात, दारातूनच माझं तोंड बघितलंत आणि विचारलंत, "बंद करून चालू केलास का?"

खरं सांगते, मला रागच आला. वीस वर्षं भाषांतराचं काम करते, दिवसातले आठ-नऊ तास स्क्रीनसमोर जातात, आणि मला हा प्रश्न? "रोज रात्री शट डाऊन करते, काका," मी जरा ठसक्यातच म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. तिन्ही एकदम दाब."

टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये जायला सांगितलंत, मग सीपीयूवर. खाली 'अप टाइम' असं लिहिलेलं, आणि त्याखाली आकडा: ४१ दिवस, सहा तास आणि वर काही मिनिटं. ज्याला मी रोज रात्री झोपवत होते तो एक्केचाळीस दिवस जागाच होता! मग तुम्ही उलगडून सांगितलंत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. शट डाऊन केलं की आपण उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू होतो. मशीन झटकन सुरू होतं ते त्यामुळे, आणि कालचा गुंता आजही सोबत येतो तोही त्यामुळेच. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. "शट डाऊन म्हणजे ऑफिसचे कपडे न बदलता झोपणं," असं म्हणालात तुम्ही. मी रीस्टार्ट केलं. तोच लॅपटॉप अजून चालतोय, हे पत्र त्याच्यावरच लिहितेय. आता दर सोमवारी त्याची आंघोळ असते.

त्या दिवशी माझ्या डोक्यात राहिलं ते मात्र वेगळंच. तुम्ही सगळा वेळ हात मागे बांधून उभे होतात.

आजवर ज्यांनी ज्यांनी मला फोन किंवा कॉम्प्युटर 'शिकवला', त्यांनी आधी तो माझ्या हातातून काढून घेतला. "दे इकडे." मग अंगठे टकाटका फिरतात, चार पडदे येतात नि जातात, "हं, झालं" म्हणून फोन परत. काम होतं, पण मी होते तिथेच. पुढच्या वेळी अडलं की पुन्हा "दे इकडे", आणि त्यात "मागे दाखवलं होतं ना?" याची भर. आपल्याच घरात, आपल्याच फोनपुढे माणूस किती ओशाळतो! तुम्ही माउसला एकदाही बोट लावलं नाहीत. मी भलतंच बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. "कंट्रोल झेड आहे की," एवढंच, म्हणजे केलेलं मागे फिरवायची कळ. टाइपरायटरवर उमेदवारी केलेल्या माणसाला कंट्रोल झेडचं जे अप्रूप आहे ते आम्हाला कुठून असणार?

दुसरी गोष्ट तुमचा तो प्रश्न. "हेच काम आज कितव्यांदा करतेस?" पन्नास युक्त्या, शंभर शॉर्टकट अशा याद्या मी किती वाचल्या असतील, दुसऱ्या दिवशी एक आठवेल तर शपथ. तुम्ही याद्या कधी दिल्या नाहीत. मी काम करत असताना बाजूला बसायचं, बघायचं, आणि मी एकच गोष्ट तिसऱ्यांदा केली की हा प्रश्न टाकायचा. उत्तर देता देता माझं मलाच हसू यायचं.

कॉपी-पेस्टचंच घ्या. मूळ मजकुरातून एक नाव कॉपी करायचं, ते चिकटवायच्या आत दुसरं कॉपी झालं की पहिलं गेलं. मग पुन्हा मागे जायचं. दिवसातून पन्नास वेळा. तुम्ही म्हणालात, "कंट्रोल व्ही ऐवजी विंडोजची कळ आणि व्ही दाब." एक खिडकी उघडली. पहिल्यांदा ती 'चालू करा' एवढंच म्हणते. केलं, की पुढे जे जे कॉपी कराल ते ते एकाखाली एक रांगेत. पंचवीस गोष्टी मावतात, मशीन रीस्टार्ट झालं की यादी पुसली जाते, आणि नेहमी लागणाऱ्या गोष्टीला पिन मारून ठेवली तर ती टिकते. २०१८ पासून हे विंडोज १० मध्ये आहे आणि मी सुखाने मागे-पुढे पळत होते. त्याच दमात तुम्ही बजावलंतही, की पासवर्ड कॉपी केलास तर तोही या रांगेत येऊन बसतो, दुसऱ्याच्या मशीनवर जपून. कट, कॉपी, पेस्ट ज्यांच्या डोक्यातून आलं त्या लॅरी टेस्लर यांचं नावही मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. २०२० मध्ये ते गेले तेव्हा तुम्ही म्हणे दिवसभर माउस न वापरता काम केलंत. हे काकूंनी सांगितलं, त्यामुळे खरं असणार.

बाकीचे शॉर्टकट पटापट सांगते, वाचणाऱ्यांसाठी. चुकून बंद झालेला ब्राउझरचा टॅब कंट्रोल, शिफ्ट, टी ने परत येतो; पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचाही. दुसरीकडून आणलेला मजकूर त्याचे रंग आणि आकार टाकून साधा चिकटवायचा तर ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट, व्ही. फाइलचं नाव बदलायला एफ टू. पडद्याचा हवा तेवढाच तुकडा टिपायला विंडोज, शिफ्ट, एस. आणि फोनवर शब्दाच्या मधोमध कर्सर न्यायला बोटाने टोचत बसायचं नाही. आयफोनवर स्पेसबार दाबून धरायचा आणि बोट सरकवायचं. गूगलच्या कीबोर्डवर नुसतं स्पेसबारवरून बोट फिरवलं तरी पुरतं. या शेवटच्या एका गोष्टीने माझी निम्मी चिडचिड गेली.

'दुसऱ्या'ची गंमत मात्र नीट सांगायलाच हवी, कारण मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी नडते. एका लांबलचक फाइलमध्ये मला 'दुसऱ्या' हा शब्द सगळीकडे बदलायचा होता. शोध घेतला, बारा ठिकाणी सापडला. डोळ्यांना तर तेरावा, चौदावा समोर दिसतोय! मी शब्द पुन्हा टाइप केला, पुन्हा बाराच. तुम्ही चष्मा वर सरकवलात. "तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन पाय मोडतो, कुणी साधा र घेऊन पाय मोडतो आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. तुला दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला नाही." उपाय इतका सोपा की हसूच आलं: जो सापडत नाहीये तोच शब्द मजकुरातून उचलायचा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवायचा. आणखी नऊ सापडले. वीस वर्षांत अशा किती फाइली मी अर्ध्यामुर्ध्या दुरुस्त करून पाठवल्या असतील, विचारही करवत नाही.

फोनच्या चार्जिंगचं तर मी कुणाला सांगितलंच नव्हतं. केबल तिरकी धरली तरच चार्ज व्हायचा. दोन केबली बदलून झाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "काकूचा फोन घे, टॉर्च लाव, आणि त्या भोकात बघ." बघितलं. तळाशी करड्या रंगाचा नमदा बसलेला! पर्समधला, खिशातला धागा न् धागा केबलने महिनोन्महिने आत ठासून बसवला होता. फोन बंद करायला लावलात, लाकडी टूथपिक दिलीत. सुई किंवा पिन अजिबात नाही, आतली धातूची टोकं वाकतात म्हणालात. कडेकडेने, हळूहळू. डाळीच्या दाण्याएवढा गोळा निघाला. मग केबल लावल्यावर जो 'खट्' आवाज आला तो मी फोन नवा असल्यापासून ऐकला नव्हता.

आता एक भांडणही लिहिते, नाहीतर पत्र फारच गोडगोड होईल. बॅटरी पूर्ण शून्यावर आणल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, हा तुमचा हट्ट. तो नियम निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला, तेव्हा बरोबरच होता. आताच्या फोनमध्ये, टॅब्लेटमध्ये, लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन असते. अर्धवट चार्ज केलं की पुढे कमी चार्ज धरायचा, ही जुनी खोड तिला नाही. उलट वारंवार शून्याला नेण्याने आणि उष्णतेने ती लवकर म्हातारी होते. साधारण २० ते ८० टक्क्यांत खेळवलेली बरी. हे मी सांगितलं तर तुम्ही दोन दिवस खाली आला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वर आले तेव्हा तुमचा फोन चार्जिंगला होता, ३४ टक्क्यांवर. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही.

आणि ती सकाळ. ऐंशी पानांचं भाषांतर दुपारी द्यायचं होतं. रात्री झोपेच्या झापडीत बहुतेक कंट्रोल ए दाबलं जाऊन सगळा मजकूर निवडला गेला, वर एखादी कळ पडली, आणि ऑनलाइन फाइल असल्यामुळे ती आपोआप सेव्हही झाली. सकाळी उघडली तर एकच अक्षर: 'ज'. बाकी पांढरं. कंट्रोल झेडला काही आठवत नव्हतं, कारण मी टॅब बंद केलेला. सात वाजता तुमची बेल वाजवली. तुम्ही तसेच खाली आलात. त्या दिवशी तुमचे हात एकदा पुढे आले होते, काका, मी पाहिलं. मग परत मागे गेले. "फाइल मेनू उघड. व्हर्जन हिस्टरी." उजवीकडे तारखा आणि वेळा एकाखाली एक. रात्रीचे अकरा चाळीस. क्लिक केलं आणि ऐंशी पानं समोर. 'हे व्हर्जन परत आणा' हे बटण दाबताना माझा हात थरथरत होता.

मी डोळे पुसत असताना तुम्ही विचारलंत, "याचा कार्बन कुठाय?" ईमेलमधलं सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे ठाऊक होतं, पण एकच प्रत असलेला कागद टायपिस्टला नागडा वाटतो, हे तेव्हा समजलं. आता तुमच्या सांगण्याप्रमाणे महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असतात: लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि क्लाउडवर. नुसत्या सिंकवर मी विसंबत नाही. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. फोटोंच्या कचरापेटीची मुदतही पाठ आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस राहतात, आयफोनच्या 'नुकतेच हटवलेले'मध्ये ३० पर्यंत. मागच्याच महिन्यात भाचीचे फोटो त्यातून परत काढून दिले. ती फोन माझ्याकडे देत होती. मी घेतला नाही, तिलाच काढायला लावले. वेळ दुप्पट लागला आणि ती जाम वैतागली.

आता एक शेवटचं. काकूंनी मला तुमची रोजनिशी दाखवली. आतलं काही वाचलं नाही, घाबरू नका. नोटपॅडमध्ये रोज एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तुम्ही तारीख आणि वेळ, मिनिटासकट, हाताने टाइप करता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, असं काकू म्हणाल्या. काका, हेच काम आजवर कितव्यांदा करताय?

उद्या रोजनिशी उघडाल तेव्हा तारीख टाइप करू नका. कर्सर नव्या ओळीवर न्या आणि एफ फाइव्ह दाबा. काय होतं ते मी सांगणार नाही. नाहीच जमलं तर हाक मारा, मी वर येईन आणि मागे हात बांधून उभी राहीन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची